डोंबिवलीहून न्यूयॉर्क किती दूर?

मध्य रेल्वेने नित्य ये-जा करणाऱ्या ठाणेकरास अंतराविषयीची एक गोष्ट अनुभवाने ठाऊक असते: ठाणे आणि दिवा ही स्थानके जागची हलत नसली, तरी मुंब्र्यावरून वळसा घेणारी जुनी वाट आणि 1916 साली खुल्या झालेल्या पारसिक बोगद्यातून सरळ पलीकडे निघणारी वाट, या दोहोंची लांबी एक नाही. हाच न्याय आकाशालाही लागू आहे. आणि ज्या डोंबिवली-कल्याणातील कितीतरी वृद्ध दांपत्ये परदेशी स्थायिक झालेल्या मुलांकडे प्रथमच विमानाने निघतात, तेथे तो समजून घेणे अगत्याचे आहे.

भिंतीवरच्या नकाशात मुंबईपासून न्यूयॉर्कपर्यंत पट्टी ठेवली, तर रेघ अरबस्तान, उत्तर आफ्रिका आणि अटलांटिक महासागर यांवरून जाते. परंतु पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून धरला, म्हणजे तो मध्य आशिया, रशिया आणि नॉर्वे ओलांडून आइसलँडनजीक पोहोचतो, व ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाजवळून कॅनडात उतरतो. हेच खरे किमान अंतर, सुमारे साडेबारा हजार किलोमीटर. विमानास मात्र तेवढ्यावर भागवता येईलच असे नाही. एखाद्या राष्ट्राने आपल्या हद्दीवरील आकाश बंद केले, जसे पाकिस्तानने 2019 च्या फेब्रुवारीपासून जुलैपर्यंत केले होते, की वळसा अटळ होतो.

शिवाय वारा आहे. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर समशीतोष्ण कटिबंधात पश्चिमेकडून पूर्वेकडे अतिवेगवान प्रवाह वाहतात, म्हणून अमेरिकेस जाताना जो वेळ लागतो, त्याहून परतीस सामान्यतः कमी लागतो.

वाटेतल्या थांब्यांनीही वेळ वाढतो. 8 जून 1948 रोजी एअर इंडियाचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून लंडनला निघाले, तेव्हा कैरो आणि जिनिव्हा येथे मुक्काम करणे भाग होते. आज तोच सुमारे 7,200 किलोमीटरांचा प्रवास कोठेही न उतरता दहा तासांच्या आसपास होतो.

सर्वाधिक घोटाळा होतो तो तिकिटावरील वेळा वाचताना, कारण प्रस्थान आणि आगमन हे त्या त्या गावच्या घड्याळाप्रमाणे छापलेले असते. समजा, उन्हाळ्यात विमान मुंबईहून रात्री 2 वाजता निघून त्याच तारखेस सकाळी 8 वाजता न्यूयॉर्कला पोहोचते. कागदावर सहा तास दिसतात, पण तेथील घड्याळ आपल्यामागे साडेनऊ तास असल्याने प्रवास साडेपंधरा तासांचा ठरतो. हिवाळ्यात तो फरक साडेदहा तासांचा होतो.

आणि या हिशेबात डोंबिवलीच्या उंबरठ्यापासून विमानतळापर्यंतची वाट, सामानाची नोंदणी, तपासणी यांपैकी काहीच धरलेले नसते. तेव्हा ज्येष्ठांना रवाना करणाऱ्यांनी एक तजवीज अवश्य करावी: घर सोडण्यापासून तिकडच्या दारी पोहोचण्यापर्यंतच्या साऱ्या वेळा भारतीय घड्याळात एका कागदावर लिहून द्याव्यात, आणि औषधांच्या वेळाही त्याच कागदावर मांडाव्यात.