बैरूत ते केडगाव : दोन बायबल-भाषांतरे

धर्मग्रंथाचे भाषांतर कोणत्या भाषेत करावयाचे याइतकाच, ते त्या भाषेच्या कोणत्या थरात करावयाचे हा प्रश्न निर्णायक असतो, आणि बायबलच्या अरबी व मराठी भाषांतरांचा इतिहास शेजारी ठेवला असता तो ठळकपणे दिसतो. अरबीतील परंपरा प्राचीन आहे. दहाव्या शतकातच सादिया गाओन या ज्यू पंडिताने तोरा, म्हणजे मोशेची पाच पुस्तके, हिब्रूतून अरबीत आणली होती. आधुनिक काळात सर्वाधिक प्रसार पावलेले भाषांतर मात्र बैरूतचे असून, इलाय स्मिथ याने १८४८ च्या सुमारास आरंभलेले ते काम त्याच्या मृत्यूनंतर कॉर्नेलियस व्हॅन डाइक याने १८६५ मध्ये पूर्ण केले. बुत्रुस अल-बुस्तानी, नासिफ अल-याझिजी आणि मुस्लिम विद्वान युसूफ अल-असीर यांनी त्याची भाषा अशी घडवली, की प्रांतोप्रांतीच्या बोलींपासून अलिप्त राहून ती सर्व अरबी प्रदेशांत वाचता यावी.

बैरूतच्या या मिशनऱ्यांना पाठवणाऱ्या अमेरिकन बोर्डाचाच गॉर्डन हॉल १८१३ मध्ये मुंबईत उतरला होता, आणि त्याच मिशनने १८२६ मध्ये मराठी नवा करार प्रसिद्ध केला. त्यापूर्वी, १८०५ मध्ये, विल्यम कॅरीने वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने मत्तयाचे शुभवर्तमान बंगालमधील श्रीरामपूरहून मराठीत छापले होते.

भाषांतरकारापुढील पेच एखाद्या शब्दातही उमटतो. योहानाच्या शुभवर्तमानाच्या आरंभी ख्रिस्ताला उद्देशून येणाऱ्या ‘लोगोस’ या ग्रीक पुल्लिंगी शब्दासाठी अरबीत ‘कलिमा’ हा स्त्रीलिंगी शब्द घेतला गेला, तरी बैरूतकरांनी त्याचे क्रियापद पुल्लिंगीच ठेवून व्याकरणापेक्षा अर्थाला मान दिला. मराठीत ‘शब्द’ मुळातच पुल्लिंगी असल्याने ती अडचण उद्भवली नाही.

भाषेच्या थराबाबत मात्र पंडिता रमाबाईंनी बैरूतकरांच्या उलट दिशेने विचार केला. पुण्यापुढे दौंडकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील केडगाव येथे, स्त्रियांना आश्रय देणाऱ्या मुक्ती सदनात, त्यांनी हिब्रू व ग्रीक आत्मसात केली आणि स्वतः संस्कृत पंडिता असूनही प्रचलित भाषांतरातील संस्कृतप्रचुरता टाळून, खेड्यातील अल्पशिक्षित बाईला कळेल अशा मराठीत सबंध बायबल उतरवले. सुमारे १८ वर्षे चाललेले हे काम ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन होण्याच्या थोडेसे आधी संपले आणि १९२४ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याची छपाई सदनाच्याच छापखान्यात झाली, जिथे आश्रयाला आलेल्या, अक्षरओळख सदनातच झालेल्या स्त्रिया खिळे जुळवीत असत. ज्या वाचकासाठी ती भाषा निवडली होती, त्याच वाचकाच्या हातून ती कागदावर उतरली.