एका कणकेच्या गोळ्यातला खर्ज

भजनाला माणसं जमायच्या आधी पखवाजवाले काका जवळच्या घरातून एक वाटी मागवतात. वाटीत मळलेली कणीक असते, पोळीच्या कणकेपेक्षा थोडी सैल. पखवाज मांडीवर आडवा घेऊन ते डाव्या पुडीच्या मधोमध गोळा थापतात, अंगठ्याने कडा पातळ करत गोल पसरवतात आणि तळहाताने एक थाप देतात. आवाज नुसता थपथपतो. थोडी कणीक खरवडून काढतात, बाजूला जरा लावतात, पाण्याचं बोट फिरवतात, पुन्हा थाप. असं चार-पाच वेळा झाल्यावर पुडीतून तो खोल, गोल आवाज निघतो आणि मंदिराच्या ओट्यावर खेळणारी पोरं खेळ थांबवून बघतात.

हे अकोला जिल्ह्यातल्या एका गावातलं, कार्तिकातल्या काकड्याच्या दिवसांतलं. पखवाजाच्या खोडाला लांब चीर गेलेली, तिच्यात एमसील भरलेलं. दोन्ही पुड्या दुसऱ्या कुठल्या तरी पखवाजाच्या. वादी तीन ठिकाणी गाठी मारून जोडलेली. बाजारात मांडलं तर या वाद्याला कोणी हात लावणार नाही. काकांना विचारलं, नवा का घेत नाही? ते म्हणाले, “घेऊ ना बाबू, पैसे आले का घेऊ. पण कणीक ताजी पायजे. खोड कोनाचंबी असो, कणीक शिळी असली का ठेकाच उठत नाई.”

वऱ्हाडात खालच्या आवाजाचे, म्हणजे खर्जाचे वादक असे गावोगाव आहेत. पखवाजाची डावी पुडी, ढोलकीची धूम, खंजिरीचं कातडं, ऑर्केस्ट्रातला बेस गिटार. गाण्याचा पाया यांच्याकडे, आणि मंडळाच्या खर्चात शेवटचा नंबरही यांचाच. वाद्यं जुनी, सांधलेली, उसनी. तरीही त्यांतून खर्ज निघतो. तो कसा निघतो हे जवळ बसून पाहावं.

कातड्याचा आवाज खाली आणायला तीनच वाटा असतात. कातडं मोठं घ्या, सैल करा किंवा जड करा. मोठं म्हणजे मोठं खोड, मोठी पुडी, जास्त पैसे. सैल केलं तर आवाज खाली येतो खरा, पण त्याचा दम जातो, चार ओळींपलीकडे पोचत नाही. उरली तिसरी वाट. ताण तसाच ठेवायचा आणि मध्ये वजन टाकायचं. कणीक म्हणजे हे वजन. ढोलकीच्या डाव्या पुडीला आतून मसाला लावतात तोही याच कामाचा, फक्त तो कायमचा असतो. तबल्याच्या नि मृदंगाच्या शाईचं, म्हणजे पुडीवरच्या काळ्या लेपाचं, काम थोडं निराळं. सी. व्ही. रामन यांनी शिवकाली कुमार यांच्याबरोबर 1920 साली ‘नेचर’मध्ये लिहिलं, की साध्या ढोलाचे उपस्वर एकमेकांशी जुळत नाहीत, पण कातड्याला असा लेप दिलेल्या आपल्या वाद्यांत ते तारेच्या वाद्यासारखे सुरात बसतात. काकांनी रामन वाचलेले नाहीत. पण कणीक सुकायला लागली की ती हलकी होते आणि आवाज वर चढतो, हे त्यांच्या बोटांना ठाऊक आहे. म्हणून तासाभराने अभंग चालू असतानाच, एका समेनंतर, ते ओलं बोट कणकेवरून फिरवून घेतात. गाणाऱ्याला पत्ताही लागत नाही.

खंजिरीची गोष्ट याहून अवघड. लाकडी कडं, त्याच्या खाचांत झांजा, एका बाजूला चिकटवलेलं कातडं. जुन्या खंजिरीला ना दोरी, ना कड्या, ना ठोकून चढवायचे गट्टे. सूर बदलायला पाणी आणि उष्णता एवढंच हाताशी. कातड्याला पाणी लावलं की आवाज उतरतो, शेकलं की चढतो. बाकीचं सगळं ज्या हातात कडं धरलंय त्या हाताने करायचं. त्याची बोटं काठाजवळ कातड्यावर दाबली, सोडली, की थापेचा आवाज वर-खाली सरकतो आणि एवढ्याशा वाद्यातून घुमक निघते. उजवा हात सगळ्यांना दिसतो, कसब डाव्या हाताच्या बोटांत असतं.

या वाद्याला वऱ्हाडात जी प्रतिष्ठा आहे ती राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांमुळे. 1909 साली अमरावती जिल्ह्यातल्या यावलीत जन्मलेल्या या माणसाने खंजिरी हातात घेऊन गावंच्या गावं जागी केली. 1935 मध्ये मोझरीला गुरुकुंज आश्रम उभा राहिला, पुढे श्रीगुरुदेव सेवा मंडळाच्या शाखा गावोगाव गेल्या. आजही कित्येक गावांत सामुदायिक प्रार्थनेच्या जागी एक लोखंडी पेटी किंवा कपाट असतं आणि त्यात बाजाची पेटी, ढोलकी, टाळ आणि खंजिऱ्या ठेवलेल्या असतात. गावाच्या मालकीची वाद्यं. ज्याला येतं त्याने वाजवावं. विकत घ्यायची ऐपत नसलेल्या पोराचा हात याच कपाटातल्या वाद्यावर बसतो.

त्याच परंपरेतून अकोला जिल्ह्यातल्या सिरसोली गावचे सत्यपाल महाराज पुढे आले. एक खंजिरी पुरेना म्हणून त्यांनी सात खंजिऱ्या एकत्र वाजवायला सुरुवात केली. सात कातडी, सात वेगवेगळे आवाज, हात दोनच. त्यांचं प्रबोधन ऐकायला बसलं की आधी हसू येतं, कारण वऱ्हाडी बोलीतला टोमणा एकाही श्रोत्याला सोडत नाही. दारू, हुंडा, अंधश्रद्धा, लग्नातली उधळपट्टी यांवर बोलता बोलता ते मध्येच हात चालवतात आणि समोर ढोल आहे, ताशा आहे असा भास होतो. नीट कान दिला तर कळतं की सातांपैकी खालच्या आवाजाची खंजिरी ठेका धरून असते आणि बाकीच्या तिच्याभोवती बोलतात. त्यांच्यानंतर सप्तखंजिरी घेऊन गावोगाव फिरणाऱ्यांची एक पिढीच तयार झाली. एवढ्या सगळ्या आवाजांचं सामान एका पिशवीत मावतं आणि एसटीत मांडीवर घेऊन नेता येतं.

आता हवामान. अकोल्याचा मे महिना 45 अंशांच्या पुढे जातो. कोरड्या उन्हात कातडं आवळतं, धूम चढते, कधी पुडी काठाशी फाटते. मग ओलं फडकं वाद्यावर टाकून ठेवायचं आणि वाद्य सावलीतून सावलीत न्यायचं. श्रावणात याच्या अगदी उलट. श्रावणाच्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी घेऊन कावडी अकोल्याच्या राजराजेश्वराकडे येतात. वाटेत पाऊस ठरलेला. ढोलाचं कातडं ओल धरतं आणि आवाज बसतो. रस्त्याच्या कडेला पोरं कागद पेटवतात, ढोल त्या आचेवर फिरवतात, टिपरू मारून पाहतात, पुन्हा फिरवतात. आच दोन वीत लांब असावी लागते, जवळ गेली की कातडं करपतं. अशा एका पोराला विचारलं, कसं कळतं किती शेकायचं? “हात लावून पाह्याचं. हाताले सोसन तेवढं कातड्याले सोसते.”

महागडं कृत्रिम पान बसवलेल्या ढोलाला ही कटकट नसते. पाऊस असो, ऊन असो, नट आवळले की झालं. पण कातड्यावर हात बसलेल्यांना त्याचा आवाज पातळ वाटतो, आणि ते मत नुसत्या सवयीचं आहे असं मला वाटत नाही. कातडं जाड-पातळ असतं, त्याची थाप लवकर विझते, आणि खालच्या आवाजाला हेच विझणं लागतं. नाही तर एक ठोका दुसऱ्यात मिसळतो.

यानंतर येतो भोंगा. गावातल्या कार्यक्रमाचा आवाज अजूनही बऱ्याच ठिकाणी झाडाला बांधलेल्या भोंग्यातून जातो. भोंगा माणसाचं बोलणं लांब पोचवायला बनवलेला. खालचा आवाज त्यातून जवळजवळ जातच नाही. मग शेवटच्या रांगेतल्या बाईला ठेका ऐकू कसा येतो? याचं उत्तर ढोलकीवाल्याच्या मनगटात आहे. तो डाव्या पुडीवर नुसती थाप मारत नाही, मनगट दाबून पुढे सरकवतो. त्यामुळे मूळ खालच्या स्वराबरोबर त्याचे वरचे उपस्वरही सरकतात. मूळ स्वर भोंग्यात अडकतो, उपस्वर बाहेर पडतात, आणि कान त्या उपस्वरांवरून न आलेला मूळ स्वर आपला आपण भरून घेतो. ध्वनिशास्त्रात हे मान्य झालेलं आहे. लहानशा मोबाइलवर आपण गाण्याचा बेस ‘ऐकतो’ तोही असाच.

दुसरी युक्ती माइकची. साधा हातातला माइक आवाजाच्या अगदी जवळ नेला की खालचे स्वर फुगवून घेतो. गायक तोंडाला माइक चिकटवतो तेव्हा आवाज भारदस्त होतो, तो यामुळेच. ढोलकीवाल्यांना हे पक्कं माहीत आहे. मंडळाकडे दोन माइक असतील तर एक बुवांना, एक पेटीला. ढोलकीच्या वाट्याला काही नाही. मग तो हळूच पेटीचा माइक स्वतःकडे वळवतो आणि डाव्या पुडीपासून चार बोटांवर आणून ठेवतो. पेटीवाला रागावतो, भजन मात्र उभं राहतं.

अमरावतीत बडनेऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका खोलीत ऑर्केस्ट्राची तालीम बघायला बसलो, तेव्हा हीच हिकमत तारांवर दिसली. बेस गिटार वाजवणारे दादा दिवसा मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात काम करतात. गिटार देशी बनावटीची, तिसऱ्या हाताने आलेली. मान वाकल्यामुळे तारा पट्ट्यांवर खरखरायच्या, म्हणून त्यांनी मान सोडवून सांध्यात जुन्या एटीएम कार्डाचा तुकडा कापून बसवला. कोन बदलला, खरखर गेली. बेसच्या तारांचा नवा संच परवडत नाही. तारा मेल्या, म्हणजे त्यांच्या वेढ्यांत घाम नि मळ बसला, की ते त्या काढून पातेल्यात खायचा सोडा घालून उकळतात, पुसतात, वाळवतात आणि पुन्हा चढवतात. काही आठवडे आवाज परत येतो. त्या गिटारवर वरच्या एका तारेवर एक स्वर असा आहे की वाजवला की लगेच विझतो. तो स्वर ते तिथे वाजवतच नाहीत, खालच्या तारेवर वरची जागा धरून काढतात. नवख्याला वाटावं, काय अवघड बोटं टाकतात! ती बोटं वाद्याच्या खोडीने शिकवलेली आहेत.

जगातही अशी उदाहरणं आहेत. पॉल मॅकार्टनीने 1961 साली हॅम्बर्गमध्ये हॉफनरचा बेस घेतला तो सुमारे 30 पौंडांना, कारण फेंडर कंपनीचा बेस त्याच्या खिशाबाहेर होता. पुढे बीटल्सचा खर्ज त्या स्वस्त, हलक्या वाद्यातून जगभर गेला. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीचा जेम्स जेमरसन वर्षानुवर्षं तारा बदलत नसे आणि उजव्या हाताच्या एकाच बोटाने वाजवत असे. मात्र जुन्या तारांचा बसका आवाज ही जेमरसनची पसंती होती. बडनेरा रोडवरच्या पातेल्यात उकळणाऱ्या तारा ही पसंती नाही. दादांना नव्या तारा हव्या आहेत.

म्हणून ‘गरिबीतच कला फुलते’ हे वाक्य मला पटत नाही. स्वस्त वाद्याने या मंडळींना काही गोष्टी शिकवल्या हे खरं. कान तीक्ष्ण झाले, हात सावध झाला. पण त्याच वाद्याने कितीतरी पोरांचे हात मोडलेही असतील. तारा पट्टीपासून फार उंच असलेल्या गिटारवर शिकणारा पोरगा महिनाभरात कंटाळतो, आणि त्याच्याकडे गुण होता की नव्हता हे कोणालाच कळत नाही. जे टिकले तेच आपल्याला दिसतात.

आणि पैसा नाही असंही नाही. गणपती असो, दुर्गा असो, जयंती असो, रस्त्यावर डीजेचे बॉक्स माणसाच्या डोक्यावर जातील इतके रचलेले असतात. छातीत धडधडणारा बेस त्यातून निघतो आणि एका रात्रीच्या भाड्यात ढोलकीच्या कित्येक पुड्या येतील. दुसरीकडे ऑर्केस्ट्रातला बेसवाला कमी होत चाललाय, कारण कीबोर्डवाल्याचा डावा हात आणि पॅड यांत त्याचं काम उरकून घेतलं जातं. दादा म्हणाले, “सीझनले मालक आधी मलेच म्हणते, दादा, या खेपी कीबोर्डवर भागवून घेऊ.” खालचा आवाज सगळ्यांना हवा आहे, तो काढणारा माणूस कोणालाच नको.

मंडळांना एवढंच सांगणं आहे. पुढच्या वर्गणीतून सगळ्यात आधी पुड्यांचे आणि तारांचे पैसे वेगळे काढा. एक बरा माइक घ्या आणि तो ढोलकीच्या डाव्या बाजूला लावा. वाजवणाऱ्याची बिदागी कार्यक्रमाआधी त्याच्या हातात द्या. बॉक्सच्या भाड्याचं त्यानंतर बघू.