दूरस्थ अध्यापक शिक्षण आणि अध्यापनाची पात्रता : जालना जिल्ह्याच्या संदर्भात

प्रस्तावना :
1 मे 1981 रोजी अस्तित्वात आलेल्या जालना जिल्ह्यात आठ तालुके आहेत. मंठा, घनसावंगी, जाफ्राबाद यांसारख्या तालुक्यांतील पदवीधरास शेती, संसार वा तुटपुंज्या मानधनाची नोकरी सांभाळून दोन वर्षे नियमित अध्यापक महाविद्यालयात उपस्थित राहणे सोपे नसते. अशा वेळी ऑनलाइन अथवा दूरस्थ पदवीचा मार्ग त्याला जवळचा वाटतो. परंतु पदवी मिळूनही शिक्षकपदाची पात्रता न मिळाल्यास त्याची वर्षे आणि शुल्क दोन्ही वाया जातात. म्हणूनच या विषयातील नियम मार्गदर्शक प्राध्यापकांना ठाऊक असणे अगत्याचे आहे. प्रस्तुत लेखात या नियमांचे स्वरूप स्पष्ट केले आहे.

1. पदवी व पात्रता : दोन भिन्न बाबी
अमेरिकेत शिक्षकाचा परवाना प्रत्येक राज्य स्वतंत्रपणे देते. तेथे ऑनलाइन पदव्युत्तर पदवीला परवान्याची जोड असली तरी शाळेतील प्रत्यक्ष अध्यापन-सराव सामान्यतः पूर्ण करावाच लागतो. भारतात असा स्वतंत्र परवाना नाही. 1993 च्या कायद्यान्वये स्थापन झालेल्या राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेची मान्यता असलेले प्रशिक्षण हा पात्रतेचा पाया होय. पहिली ते आठवीसाठी त्याच्या जोडीला शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजेच टीईटी, आवश्यक असते. महाराष्ट्रात ही परीक्षा 2013 पासून घेतली जाऊ लागली. पवित्र प्रणालीद्वारे होणाऱ्या भरतीसाठी अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणीही द्यावी लागते.

मान्यताप्राप्त ऑनलाइन व दूरस्थ पदव्या पारंपरिक पदव्यांशी समकक्ष असल्याचे विद्यापीठ अनुदान आयोगाने 2022 मध्ये स्पष्ट केले. येथेच गैरसमज होतो. एम. ए. शिक्षणशास्त्र ही पदवी दूरस्थ पद्धतीने मिळते व ती वैधही असते. मात्र ती बी. एड. ची जागा घेऊ शकत नाही. केवळ या पदवीच्या बळावर शाळेतील शिक्षकपद मिळत नाही. एम. एड. विषयी सांगायचे, तर परिषदेच्या 2014 च्या नियमावलीतील अभ्यासक्रमांच्या यादीत दूरस्थ एम. एड. चा समावेशच नाही.

2. दूरस्थ बी. एड. कोणासाठी ?
नाशिक येथे 1989 मध्ये स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने दूरस्थ बी. एड. राज्यभर पोहोचविले. 2014 च्या नियमावलीनुसार हा अभ्यासक्रम मुख्यतः दोन गटांसाठी आहे : प्राथमिक स्तरावरील प्रशिक्षित सेवारत शिक्षक आणि समोरासमोर पद्धतीने मान्यताप्राप्त अध्यापक प्रशिक्षण पूर्ण केलेले उमेदवार.

दोन उदाहरणांनी हा फरक स्पष्ट होईल. जाफ्राबाद तालुक्यातील जिल्हा परिषद शाळेत शिकविणारी, नियमित डी. एड. झालेली शिक्षिका या अभ्यासक्रमास पात्र ठरते. त्याच गावातील विनाअनुदानित शाळेत अध्यापन करणारा, परंतु प्रशिक्षण न घेतलेला बी. ए. पदवीधर मात्र पात्र ठरत नाही. म्हणजेच ज्याला अंतराची अडचण सर्वाधिक भासते, त्याच्यासाठीच हे दार बंद आहे. यामागे तर्क असा की, वर्गनियंत्रण, फलकलेखन, प्रश्नकौशल्य या गोष्टी केवळ स्वयंअध्ययन पुस्तिकेतून येत नाहीत. नियमित बी. एड. मध्येही 2014 पासून किमान 20 आठवडे शालेय कार्यासाठी राखून ठेवण्यात आले आहेत.

3. एका राष्ट्रीय प्रयोगाचा धडा
2017 मध्ये शिक्षण हक्क कायद्यात दुरुस्ती करून अप्रशिक्षित सेवारत शिक्षकांना 31 मार्च 2019 पर्यंत मुदत देण्यात आली. त्यांच्यासाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेने स्वयम् या ऑनलाइन मंचाच्या साहाय्याने 18 महिन्यांची पदविका सुरू केली. लाखो शिक्षकांनी तिचा लाभ घेतला. तथापि नव्या भरतीसाठी ती दोन वर्षांच्या पदविकेशी समकक्ष नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 28 नोव्हेंबर 2023 रोजी दिला. पुढील स्पष्टीकरणात आधीपासून सेवेत असलेल्यांचे हित राखले गेले. सेवा टिकविणारे प्रमाणपत्र नवी सेवा मिळवून देईलच असे नाही, हा यातील धडा होय.

4. बदलते नियम
11 ऑगस्ट 2023 च्या निर्णयाने प्राथमिक वर्गांसाठी बी. एड. ही अर्हता अग्राह्य ठरली. 1 सप्टेंबर 2025 च्या निर्णयाने निवृत्तीस पाच वर्षांहून अधिक काळ असलेल्या सेवारत शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण होणे बंधनकारक ठरविले. दुसरीकडे, राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये दुर्गम भागातील विद्यार्थ्यांसाठी दर्जेदार दूरस्थ व मिश्र पद्धतीच्या बी. एड. ची शक्यता मांडली आहे.

निष्कर्ष :
प्रवेशापूर्वी विद्यार्थ्याने तीन प्रश्नांची उत्तरे मिळविणे हितावह ठरेल : कोणत्या इयत्तेस शिकवायचे आहे ? निवडलेल्या अभ्यासक्रमास त्या पद्धतीने राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेची मान्यता आहे काय ? आणि आपण त्यासाठी प्रवेशपात्र आहोत काय ? पदवी वर्गाच्या पहिल्या वर्षातच हे मार्गदर्शन झाल्यास ग्रामीण विद्यार्थ्याची फसगत टळू शकेल. धोरणातील मिश्र पद्धतीची तरतूद प्रत्यक्षात आणावयाची झाल्यास तालुक्याच्या ठिकाणी अभ्यासकेंद्र आणि नजीकच्या शाळेत देखरेखीखालील सरावपाठ या दोन्हींची सोय अपरिहार्य आहे. सैद्धांतिक शिक्षण दुरून देता येईल. शिकविण्याचा सराव मात्र वर्गातच व्हावयास हवा.