उपचारांना हवा आधार

बालकांचे अनेक कर्करोग वेळेवर व पूर्ण उपचार घेतल्यास बरे होतात. मात्र रक्ताच्या कर्करोगावरील उपचार दोन वर्षांहून अधिक काळ चालू शकतात. प्रवास, निवास आणि बुडणारा रोजगार यांमुळे काही पालक ते अर्धवट सोडतात. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात १९४१ पासून कर्करोगावर उपचार होतात. परगावाहून येणाऱ्या पालकांनी तेथील वैद्यकीय समाजसेवकांना प्रथम भेटावे. कौटुंबिक परिस्थिती व उपचारांचा खर्च पाहून ते धर्मादाय निधीचा मार्ग दाखवतात. २००६ मध्ये मुंबईत सुरू झालेली सेंट ज्यूड ही संस्था अशा बालकांची पालकांसह विनामूल्य निवासाची सोय करते. उपचारार्थ प्रवासात रुग्ण व सोबत्यास रेल्वेभाड्यात सवलत मिळते. पालकांनी संकोचाने मदत मागितली नाही, तर त्याची किंमत बालकास मोजावी लागते.