राखेवरचे नत्र

शेंगवर्गीय पिकांच्या मुळांवर गाठी असतात, त्यांतील जिवाणू हवेतले नत्र जमिनीत आणतात आणि जमीन सुपीक होते, असे आपण वर्गात शिकवतो. शेतापुरते ते बरोबरच आहे. रानात मात्र याच क्रियेमुळे मोठी उलथापालथ होऊ शकते. याचे उत्तम अभ्यासलेले उदाहरण प्रशांत महासागरातील हवाई बेटावर सापडते.

तेथील किलाउआ ज्वालामुखीच्या परिसरातली लाव्हा-राखेची जमीन अगदी कोवळी आहे. कॅल्शियम, फॉस्फरस खडकातून मिळतात. नत्र खडकात जवळजवळ नसतेच. हवेत ते ७८ टक्के असले, तरी त्याच्या रेणूतील दोन अणू तिहेरी बंधाने इतके घट्ट जोडलेले असतात की वनस्पतींना ते थेट वापरता येत नाही. अशा उपाशी जमिनीवर ओहिया हे मूळचे झाड थोडक्या नत्रावर भागवते आणि सावकाश वाढते. इतर झाडांना तेवढ्यावर भागवणे जमत नाही, हेच त्याचे संरक्षण.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अझोरेस, मदीरा या बेटांवरून आलेल्या पोर्तुगीजांनी फाया नावाचे झाड बरोबर आणले. आपल्या हिमालयातल्या काफळाचे हे भाऊबंद. ते शेंगवर्गीय नाही, तरी त्याच्या मुळांवर गाठी असतात. त्यांत रायझोबियमऐवजी फ्रँकिया हे जिवाणू राहतात. फळे पक्ष्यांना आवडतात, त्यामुळे बी दूरवर पडते. १९६१ मध्ये ज्वालामुखी राष्ट्रीय उद्यानात प्रथम आढळलेले हे झाड १९८५ पर्यंत तेथील सुमारे १२ हजार हेक्टरांवर पसरले.

पीटर व्हिटूसेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये आपली मोजमापे प्रसिद्ध केली. दाट वाढलेल्या जागी फाया वर्षाला हेक्टरी सुमारे १८ किलो नत्र जमिनीत आणत होते. पावसासह बाकी सर्व मार्गांनी येणारे नत्र ६ किलोही भरत नव्हते. म्हणजे एकूण आवक चौपट झाली.

मग ओहियाचे भलेच व्हायला हवे होते! खरोखरच, नत्राचे खत दिले की ओहिया जोमाने वाढते, आणि फायाखालच्या मातीत त्याची रोपेही चांगली वाढतात, असे प्रयोगांत दिसले. पण दाट फायाखाली ओहियाचे रोपच सापडत नाही. त्याचे बी धुळीसारखे बारीक. पाचोळ्याच्या जाड थरात ते रुजणे कठीण. ताट वाढलेले आहे, पण बसायला पाट नाही. शिवाय फाया मेले तरी साठलेले नत्र मातीत राहते. जेथे फायाची झाडे वाळून गेली, तेथे परदेशी गवते माजलेली आढळली.

आपल्याकडची गिरिपुष्प आणि सुबाभूळ हीदेखील नत्र आणणारी परदेशी झाडे. बांधावर हिरवळीच्या खतासाठी ती उपयोगाची आहेतच. टेकड्यांवर, माळरानावर सरसकट लावण्याबाबत मात्र मी साशंक आहे. आपली जमीन म्हणजे हवाईची राख नव्हे, तेव्हा तेथील आकडे येथे लावू नयेत. विद्यार्थ्यांना पडताळा घेता येईल. गिरिपुष्पाखालची आणि शेजारच्या उघड्या माळावरची माती वेगवेगळ्या कुंड्यांत भरून मका पेरावा. ऊन, पाणी सारखे ठेवावे. महिन्याने रोपांची उंची आणि पानांचा रंग नोंदवावा. त्याच दोन जागी कोणती गवते आणि झुडपे वाढतात, याची यादीही सोबत करावी.