हरिणाचें मर्म आणि शिकाऱ्याची गोळी

मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायांत आंकडेदार, विषारी व पेटते बाण युद्धांत वर्ज्य ठरविले आहेत. त्याच जातीचा निर्बंध १८९९ सालीं हेग येथील परिषदेंत मांडला गेला. शरीरांत शिरतांच चपटी होऊन पसरणारी गोळी युद्धांत वापरूं नये, असा तो ठराव. अशी एक गोळी आमच्याच देशांत, कलकत्त्याजवळच्या डमडम येथील कारखान्यांत, त्यापूर्वीं थोडींच वर्षें तयार झाली होती. तिचेंच नांव पुढें साऱ्या जातीला चिकटलें.

परंतु जी गोळी मनुष्यावर झाडणें निषिद्ध, तीच हरिणावर झाडावी, अशी स्कॉटलंडांत कायद्याची आज्ञा आहे. सकृद्दर्शनीं हा न्याय विपरीत वाटतो. विचार केला म्हणजे त्यांतील दया दिसूं लागते. जखमी सैनिकाला उचलून नेणारे सोबती असतात, शस्त्रवैद्य असतो. हरिणाला यांतलें कोणीच नाहीं. धातूच्या पूर्ण कवचाची गोळी त्याच्या अंगांतून सुईसारखी आरपार जाते, आणि तें दूर रानांत जाऊन तडफडत राहतें. पसरणारी गोळी आंत रुंद जखम करते व अति रक्तस्रावानें थोड्याच वेळांत त्याची शुद्ध हरपते.

भारतांत १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें हरिणाची शिकार बंद आहे, आणि ती तशीच राहावी असें आमचें मत आहे. स्कॉटलंडांतली गोष्ट वेगळी. तेथले लांडगे केव्हांच नामशेष झाले, आणि हरिणांचे वाढलेले कळप कोंवळीं झाडें उगवूं देत नाहींत. म्हणून दरवर्षीं कांहीं हरिणें मारावींच लागतात. १९८५ च्या नियमानें तांबड्या हरिणासाठीं गोळीचें वजन निदान १०० ग्रेन, नळींतून सुटतांना वेग सेकंदाला २४५० फूट आणि ऊर्जा १७५० फूट-पौंड ठरविली. रो नांवाच्या लहान हरिणाला याहून कमी चालतें.

हे आंकडे वाचून, जितकें मोठें काडतूस तितकें चांगलें, असा समज सहज होतो. तो खरा नाहीं. मोठ्या काडतुसाचा धक्का खांद्याला जोरानें बसतो. त्याच्या धास्तीनें चाप ओढतांनाच शिकाऱ्याचे डोळे मिटतात, हात हलतो आणि नेम चुकतो. १९५५ सालीं निघालेलें .२४३ विंचेस्टर हें सौम्य काडतूस ब्रिटनमध्यें लोकप्रिय झालें, त्याचें एक कारण हेंच.

सुश्रुतानें मनुष्यदेहांत १०७ मर्में मोजलीं आणि हृदयाला सद्यःप्राणहर म्हटलें. शिकाऱ्याचें लक्ष्यही तेंच असतें: हरिण आडवें उभें असतां पुढच्या पायाच्या लगत मागें, छातीच्या खालून सुमारें एकतृतीयांश उंचीवर. तेथें हृदय व फुप्फुसें शेजारीं असल्यानें दोन बोटें इकडेतिकडे झालीं तरी घाव वायां जात नाहीं. कांहींना डोक्यावर नेम धरण्याची हौस असते. मेंदू लहान, डोकें सारखें हलणारें. गोळी जबड्याला लागली तर तें मुकें जनावर चारा चावतां न आल्यामुळें उपाशी मरतें. अशा फुशारकीला आम्ही कौशल्य म्हणणार नाहीं. पोटांत लागलेली गोळी तर, ती कितीही जड असो, तासन्‌तास यातना देते.

हृदयावर नेमका घाव बसला तरी हरिण कित्येकदां शंभर पावलें धांवतें. नवशिक्याला वाटतें, बार फुकट गेला. जाणता शिकारी कांहीं वेळ थांबतो, मग जागेवर जाऊन रक्त पाहतो. गुलाबी व फेसाळ असेल तर फुप्फुस फुटलें. हिरवट घाण मिसळलेली असेल तर पोट. पोट असेल तर बराच वेळ थांबून, शिकविलेलें कुत्रें घेऊनच माग काढावा लागतो.

शिशाच्या गोळीचे सूक्ष्म कण मांसांत व टाकलेल्या आंतड्यांत राहतात. तीं खाऊन कंडोर नांवाचीं गिधाडें विषबाधेनें मरूं लागलीं, तेव्हां कॅलिफोर्नियानें २०१९ पासून शिकारींत शिशाची गोळी पूर्णपणें बंद केली. तिच्या जागीं तांब्याची गोळी येत आहे. तांबें शिशाहून हलकें. त्याच आकाराची गोळी वजनांत कमी भरते. म्हणून स्कॉटलंडनें २०२३ सालीं १०० ग्रेनची अट ८० वर आणली. मात्र तांबें कठीण असल्यानें वेग मंदावला म्हणजे तें नीट पसरत नाहीं, आणि तें वापरणाऱ्याला फार दूरचा बार टाळावा लागतो.