बारसं बाराव्या दिवशी, टेस्ट एकविसाच्या आत!

बाळाच्या शॉपिंग लिस्टमध्ये पाळण्यापासून बेबी मॉनिटरपर्यंत सगळं असतं. सीएमव्ही हे नाव मात्र कुणाच्याच लिस्टमध्ये नसतं. आणि त्याची टेस्ट करायची मुदत संपते ती नेमकी माहेरच्या सव्वा महिन्यात!

ऑफिसात कुणी प्रेग्नंट असलं की सल्ल्यांचा नुसता पाऊस पडतो. पपई खाऊ नकोस. ग्रहणात बाहेर पडू नकोस. फॉलिक अ‍ॅसिड सुरू केलंस ना? लॅपटॉप मांडीवर नको हं! असे सगळे सल्ले पचवलेल्या माझ्या मैत्रिणींच्या ग्रुपमध्ये मी एकदा सहज विचारलं, ‘सीएमव्ही माहितीय का गं?’ पाच सेकंद शांतता. मग एक म्हणाली, ‘एसयूव्हीचं नवीन मॉडेल का?’

हसू नका. तुम्हाला तरी कुठे माहितीय?

सीएमव्ही म्हणजे सायटोमेगॅलोव्हायरस. कांजिण्यांच्या व्हायरसचा हा भाऊबंद. तुमच्या-माझ्या अंगात बहुतेक तो आत्ताही आहे. भारतात मूल होण्याच्या वयातल्या नव्वद टक्क्यांहून जास्त बायकांना तो कधी ना कधी होऊन गेलेला असतो. लहानपणी थोडा ताप, घसादुखी... किंवा तेही नाही. एकदा आला की जात मात्र नाही, अंगात गप्प झोपून राहतो. प्रॉब्लेम होतो तो गरोदरपणात तो नव्याने शिरला, पुन्हा जागा झाला किंवा त्याचाच दुसरा प्रकार बाहेरून आला आणि पोटातल्या बाळापर्यंत पोचला तर.

अमेरिकेत साधारण दर २०० बाळांमागे एक बाळ हा व्हायरस घेऊनच जन्माला येतं. त्यातल्या पाचापैकी एकाला पुढे कायमचा त्रास होतो. बहुतेक वेळा तो ऐकण्याचा असतो. आनुवंशिक नसलेल्या जन्मजात बहिरेपणाच्या कारणांमध्ये सीएमव्हीचा नंबर पहिला. आणि यातली सुमारे नव्वद टक्के बाळं जन्मताना एकदम ठणठणीत दिसतात. गुटगुटीत, गुलाबी, फोटोजेनिक!

शिंदखेड्याहून फोन

माझी एक मैत्रीण हिंजवडीत आयटीत आहे. माहेर धुळे जिल्ह्यातलं शिंदखेडा. दुसऱ्या बाळंतपणालाही ती माहेरीच गेली. रात्रीच्या ट्रॅव्हल्सने धुळे, पुढे एसटी, सोबत अडीच वर्षांचा थोरला. डिंकाचे लाडू, बाळंतशोप, शेक-शेगडी, सगळं साग्रसंगीत. बाळ झालं. पाचवी झाली. बारसंही झालं.

चौदाव्या दिवशी तिचा फोन. डिस्चार्जच्या कागदांत कानाच्या टेस्टची एक छोटी स्लिप सापडली होती. उजवा कान ‘पास’, डावा ‘रेफर’. ‘दीड महिन्याने पुन्हा दाखवा’ एवढंच सांगितलं होतं. मी तेव्हा दुसऱ्या एका लेखासाठी याच विषयावर वाचत होते, म्हणून तिला म्हटलं, ‘रेफर म्हणजे बहिरं नाही. पहिल्या दिवसांत बाळाच्या कानात चिकट द्रव असतो, त्यानेही मशीन रेफर दाखवतं. पण दीड महिना थांबू नकोस. डॉक्टरांना सीएमव्हीचं विचार. आजच.’

घरात अर्थातच गोंधळ. सव्वा महिना व्हायच्या आत बाळंतीण आणि बाळ उंबऱ्याबाहेर? मोठमाय, म्हणजे खान्देशातली आजी, एका वाक्यात निकाल देऊन मोकळी झाली : ‘काही व्हत नही!’

तोडगा काढला बालरोगतज्ज्ञांनीच. या टेस्टसाठी बाळाला हलवायची गरज नसते, बाळाची लघवी पोचली तरी चालतं. चिकटवायची छोटी पिशवी लावून नमुना घरीच घेतला. सोळाव्या दिवशी बाळाचा मामा बर्फ घातलेला थर्मास बाइकला लावून धुळ्याच्या लॅबमध्ये गेला, तिथून तो पुढे मोठ्या लॅबकडे. मोठमायचा नियमही मोडला नाही. रिपोर्ट आला : पॉझिटिव्ह.

एकविसावा दिवसच का?

कारण सीएमव्ही जन्मानंतरही होऊ शकतो. लाळेतून, आईच्या दुधातूनही. असा नंतर आलेला व्हायरस पूर्ण दिवसांच्या निरोगी बाळाला सहसा काहीच करत नाही. (त्यामुळे दूध थांबवायचं नाही, प्लीज!) पण तीन आठवडे उलटले की टेस्ट पॉझिटिव्ह आली तरी व्हायरस पोटातून आला की नंतर लागला, हे ठामपणे सांगता येत नाही. म्हणून लघवीची किंवा लाळेची पीसीआर टेस्ट २१ दिवसांच्या आत. लाळेत आईच्या दुधातला व्हायरस मिसळण्याची शक्यता असते, म्हणून दूध पाजल्यावर तासभर थांबून लाळ घेतात आणि पॉझिटिव्ह आली तर लघवीने खात्री करतात.

आपल्याकडे पाचव्या दिवसाला नाव आहे, बाराव्याला आहे, सव्वा महिन्याला आहे. एकविसाव्याला मात्र काहीच नाही. तो गुपचूप येतो आणि निघून जातो.

कळून उपयोग काय, असा प्रश्न माझ्या मैत्रिणीच्या नवऱ्यानेही विचारला होता. उपयोग दोन. पहिला औषधाचा. जन्मतः लक्षणं असलेल्या बाळांना पहिल्या महिन्यात व्हॅलगॅन्सिक्लोव्हिर सुरू करून सहा महिने दिलं, तर ऐकणं आणि विकास थोडा चांगला राहतो, हे २०१५ साली अमेरिकेतल्या संशोधनात दिसलं. ‘थोडा’ हा शब्द महत्त्वाचा. या औषधाने रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होऊ शकतात, म्हणून सारख्या रक्ततपासण्या लागतात. प्रत्येक पॉझिटिव्ह बाळाला ते देतही नाहीत. दुसरा उपयोग लक्ष ठेवण्याचा. सीएमव्हीमुळे ऐकणं नंतरही कमी होऊ शकतं, अगदी जन्माच्या वेळी दोन्ही कान ‘पास’ असले तरी. टेस्ट झालेली असेल तर दर काही महिन्यांनी कान तपासले जातात. नाहीतर ‘याचे बाबाही उशिराच बोलले होते’ म्हणत दोन वर्षं सहज जातात. आणि भाषा शिकायची खरी वर्षं तीच असतात.

टॉर्चचा घोळ

इथे एक गल्लत हमखास होते. गरोदरपणात बऱ्याच जणींची ‘टॉर्च’ टेस्ट होते. त्यात सीएमव्ही आयजीजी पॉझिटिव्ह आलं की घरभर रडारड. अहो, आयजीजी पॉझिटिव्ह म्हणजे फक्त ‘पूर्वी कधीतरी होऊन गेलाय’. आपल्या देशात ते जवळजवळ सगळ्यांचंच येणार! तेवढ्यावरून बाळाला धोका आहे असं ठरत नाही. आणि बाळ सुरक्षित आहे असंही नाही, कारण जुना पाहुणा जागा होऊ शकतो. बाळाचं उत्तर बाळाच्याच टेस्टमधून मिळतं.

उष्टं प्रेम

लस? रुबेलाची आहे, महाराष्ट्रात २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये गोवर-रुबेलाची मोठी मोहीमच झाली. सीएमव्हीची अजून नाही. मॉडर्नाची लस २०२५ मध्ये शेवटच्या टप्प्यातल्या चाचणीत अपेक्षेला उतरली नाही.

मग उरतं ते आपल्या हातात असलेलं. एक ते तीन वर्षांची मुलं हा व्हायरस लाळेतून आणि लघवीतून महिनोन्‌महिने बाहेर टाकत असतात. आणि आपण काय करतो? थोरल्याच्या ताटलीतला उरलेला वरणभात ‘वाया नको’ म्हणून स्वतः संपवतो. त्याचाच चमचा चाटतो. तोंडावर पापी घेतो. आपल्याकडे उष्टं खाणं ही मायेची खूण. माया राहू दे, फक्त ते नऊ महिने पापी कपाळावर घ्या.

तिकडे कायदा, इकडे आशाताई

अमेरिकेतल्या युटा राज्यात २०१३ साली कायदा झाला. कानाच्या टेस्टमध्ये नापास झालेल्या बाळाची २१ दिवसांच्या आत सीएमव्ही टेस्ट करायची आणि लोकांना या व्हायरसची माहिती द्यायची. विधेयक मांडणाऱ्या आमदार रोंडा मेनलव्ह यांची स्वतःची नात सीएमव्ही घेऊन जन्मली होती. कॅनडाच्या ऑन्टारियोने २०१९ मध्ये, तर मिनेसोटाने २०२३ मध्ये प्रत्येकच नवजात बाळाची तपासणी सुरू केली.

आपल्याकडे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ च्या फेब्रुवारीत सुरू झाला, तोही पालघरमधून. त्यात जन्मजात बहिरेपण शोधणं आहे. शिवाय आपल्याकडे आशाताई आहेत. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला त्या घरी येऊन बघतात ते तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. गावातल्याच बाईने घरी जाऊन नवजात बाळ तपासायचं, ही पद्धत गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी उभी केली आणि २०११ पासून ती देशभर गेली. म्हणजे बघा, सव्वा महिन्यात बाळ उंबऱ्याबाहेर जात नसलं तरी उंबऱ्याच्या आत येणारं कुणीतरी आहे. शिंदखेडा तालुक्यातल्या गावांतही. चौदाव्या दिवसाच्या भेटीत ‘कानाची टेस्ट झाली का? स्लिप दाखवा’ एवढा एक प्रश्न वाढला, तर अजून आठवडा हातात उरतो.

मैत्रिणीच्या बाळाला डाव्या कानाने कमी ऐकू येतं, उजवा छान आहे. औषधाचे सहा महिने आणि त्यातल्या रक्ततपासण्या पार पडल्या. कान अजूनही ठरल्या तारखांना तपासले जातात. छोटासा हिअरिंग एड लावून तो घरभर पळतो. मोठमायने त्याला नाव दिलंय ‘फोनवाला’!

बॅगेत ही चिठ्ठी टाका

• डिस्चार्जआधी विचारा : कानाची टेस्ट झाली का? कागद कुठे आहे?
• ‘रेफर’ असेल तर घाबरू नका, थांबूही नका. सीएमव्ही पीसीआर २१ दिवसांच्या आत.
• डोकं लहान, वजन कमी, कावीळ, अंगावर बारीक जांभळे ठिपके असतील तर कान ‘पास’ असले तरी डॉक्टरांना सीएमव्हीचं विचारा.
• कानाचं गणित १-३-६ : पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपचार सुरू.
• प्रेग्नंट असताना छोट्यांचं उष्टं नको, चमचा-ग्लास वेगळा, डायपर बदलल्यावर साबणाने हात धुवा.
• मोबाइलमध्ये बारशाचा रिमाइंडर लावाल तेव्हा त्याखाली अजून एक लावा. दिवस चौदावा : ‘कान?’